कुणी कुणाला दिलं?

घरात कुणाला इन्फेक्शन झालं आणि घरात कुत्रं असलं की संशय कुणावर जाणार हे ठरलेलंच असतं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर टाक्यांच्या खालच्या बाजूला लाली आली, मग पाणी यायला लागलं, मग कल्चर पाठवलं, म्हणजे जखमेतला जंतू लॅबमध्ये वाढवून कुठला आहे ते बघायला, आणि रिपोर्टवर एमआरएसए, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा जंतू, असं आलं, तेव्हा फोनवर विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाचं दुसरं वाक्य एकच होतं, आधी त्या कुत्र्याला घराबाहेर काढा. मावशी तर म्हणाली, "तुला आई पाहिजे का कुत्रं?" आता ह्याला काय उत्तर देणार.

त्यात योगायोग असा की नेमकं तेव्हाच भुऱ्याच्या पोटाला परत पुरळ उठलं होतं. भुऱ्या म्हणजे आमचा कुत्रा, वय झालेला, जुना ॲलर्जीचा पेशंट. पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला आधी लाल पुटकुळ्या, मग त्या फुटून गोल गोल खपल्या, खपलीच्या कडेने केस गेलेले, आणि रात्रभर चाटण्याचा तो चपचप आवाज. गोळ्या सुरू केल्या की बरं, बंद केल्या की काही दिवसांनी परत. ह्या वेळी गोळ्या चालू असतानाच नवीन पुटकुळ्या यायला लागल्या म्हणून व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, एक पिकलेली पुटकुळी सुईच्या टोकाने हलकेच फोडली, आतला पू स्वॅबवर घेतला आणि कल्चरला पाठवला. म्हणजे एकाच वेळी घरात दोन रिपोर्ट. एक आईचा, एक कुत्र्याचा. दोन्हीवर अँटिबायोटिकची नावं एकाखाली एक आणि प्रत्येकासमोर एस किंवा आर. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध चालेल. आर म्हणजे रेझिस्टंट, चालणार नाही. दोन्ही कागदांवर आरच जास्त.

नातेवाईकांना एवढा पुरावा बास होता. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तर वरच्या ओळीतच फरक होता. आईच्या जखमेत स्टॅफिलोकोकस ऑरियस. भुऱ्याच्या पोटावर स्टॅफिलोकोकस स्यूडिंटरमीडियस. जात एक पण प्रजात वेगळी. म्हणजे आईच्या जखमेतला जंतू भुऱ्याच्या पोटावरून आलेला नव्हता आणि भुऱ्याच्या पोटावरचा आईकडून आलेला नव्हता. दोघेही आपापल्या वाटेने रेझिस्टंट झालेले, आपापली औषधं खाऊन.

हे मी व्हेटला फोनवर सांगितलं तेव्हा तिने सुटकेचा वगैरे श्वास टाकला नाही, उलट प्रश्न सुरू केले. जखम अजून उघडी आहे का, भुऱ्या आईंच्या पलंगावर चढतो का, ड्रेसिंग बदललं की जुना कापूस कुठे टाकता, त्या डब्याला झाकण आहे का, आणि ड्रेसिंग करून झाल्यावर त्याच हाताने त्याला कुरवाळता का. मला वाटलं आईच्या काळजीने विचारतेय. "आईंची काळजी त्यांचे डॉक्टर घेतील हो," ती म्हणाली, "मी भुऱ्यासाठी विचारतेय. आईंचं त्याला लागायला नको."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांच्या येत नाही. प्राण्यापासून माणसाला काय काय होतं ह्याच्या याद्या आपल्याला लहानपणापासून पाठ, माणसापासून प्राण्याला काय होतं ह्याची यादी कुणी करत नाही. आणि एमआरएसएच्या बाबतीत तर वाहतूक बरीचशी ह्याच दिशेने चालते. ऑरियस हा मुळात माणसाचा भाडेकरू, साधारण दर तीन माणसांमधल्या एकाच्या नाकात तो काहीही त्रास न देता राहत असतो. मेथिसिलिन हे औषध वापरात आलं आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला दाद न देणारा ऑरियस सापडला, तिथून एमआरएसए हे नाव, मेथिसिलिन-रेझिस्टंट स्टॅफिलोकोकस ऑरियस. पुढे कुत्र्यामांजरांमध्येही एमआरएसए सापडायला लागला तेव्हा संशोधकांनी त्याचे स्ट्रेन, म्हणजे पोटप्रकार, तपासले, तर ते बहुतेक त्या त्या देशातल्या हॉस्पिटलांमध्ये जे स्ट्रेन फिरत होते तेच निघाले. ब्रिटनमधल्या कुत्र्यांमध्ये ब्रिटनच्या हॉस्पिटलातला. म्हणजे कुत्रं काही तो रस्त्यावरून हुंगून आणत नव्हतं, घरच्याच कुणाच्या तरी हाताने येत होता.

कुत्र्याच्या अंगावर ऑरियसला फार काळ करमतही नाही म्हणे. कुत्रा त्याचं नेहमीचं घर नाही, त्यामुळे घरातून नव्याने भर पडत राहिली नाही तर बऱ्याचदा काही आठवड्यांत तो आपोआप निघून जातो. म्हणूनच नुसता नाकात सापडला म्हणून धडधाकट कुत्र्याला औषधं देऊन तो घालवायचा प्रयत्न सहसा करत नाहीत. कुत्र्याचा स्वतःचा भाडेकरू वेगळा, तो स्यूडिंटरमीडियस, आणि गंमत म्हणजे त्याला हे नाव मिळालं २००५ मध्ये, तोपर्यंत तो दुसऱ्याच एका प्रजातीच्या नावाखाली खपत होता. माणसांच्या लॅबमध्ये तर तो कितीतरी वेळा ऑरियस म्हणूनच लिहिला जायचा. कुत्रा चावलेल्या जखमेत वगैरे तो माणसालाही कधीकधी त्रास देतो, पण क्वचित.

अर्थात कुत्र्यामांजरांची बाजू घेताना वकिली करायची नाही मला. उलट दिशेचीही उदाहरणं आहेत आणि ती मला जास्त इंटरेस्टिंग वाटतात. १९८८ मध्ये ब्रिटनमधल्या वृद्धांच्या एका वॉर्डबद्दल एक पेपर छापून आला. वॉर्डात एमआरएसए काही केल्या आटोक्यात येईना, तिथे एक मांजर मुक्कामाला होतं, सगळ्यांचं लाडकं, पेशंटच्या पलंगांवरून फिरणारं. तपासलं तर त्याच्या अंगावर एमआरएसए भरपूर. मांजर हलवलं, बाकीची स्वच्छता कडक केली आणि साथ ओसरली. २००३ मधली अजून एक केस अमेरिकेतली, एका नवराबायकोला एमआरएसएचं इन्फेक्शन परत परत होत होतं, दोघांवर उपचार व्हायचे, बरे व्हायचे, परत व्हायचं. शेवटी घरातल्या कुत्र्याचं नाक तपासलं. कुत्रा एकदम ठणठणीत, एक शिंकसुद्धा नाही, पण नाकात तोच जंतू. त्याच्यावर उपचार केल्यावर नवराबायकोचं चक्र थांबलं.

आता ह्या केसमध्ये कुणी कुणाला दिलं? कुत्र्याला तो बहुतेक ह्याच दोघांकडून मिळाला असणार, त्याने तो सांभाळून ठेवला आणि ते बरे झाले की परत केला. दोष कुणाचा हे ठरवायला बसलात तर संध्याकाळ होईल. मला विचाराल तर ह्या विषयात कुणी कुणाला दिलं हा प्रश्नच आपला वेळ खातो, कारण त्याच्यामागे लपलेला खरा प्रश्न कुत्र्याला ठेवायचं की नाही एवढाच असतो. त्यापेक्षा कामाचा प्रश्न असा की घरात आत्तापर्यंत अँटिबायोटिक कोणी कोणी, किती वेळा आणि कशासाठी घेतलं, माणसं आणि जनावरं धरून.

कारण कातडीवरचे जंतू एकवेळ सोपे. आतड्यातला मामला त्याहून गुंतागुंतीचा. ई. कोलाय हा जंतू माणसाच्याही पोटात असतो, कुत्र्याच्याही, आणि एका घरातल्या माणसांच्या आणि कुत्र्याच्या शीचे नमुने तपासले की अगदी तोच ई. कोलाय दोघांकडे सापडल्याची उदाहरणं आहेत. कसा जातो हे कुत्रं पाळणाऱ्याला सांगायला नको. ते स्वतःची ढुंगणं चाटतात आणि मग प्रेमाने आपलं तोंड चाटतात. पण जंतूच जायला पाहिजे असंही नाही. रेझिस्टन्सचं जनुक बऱ्याचदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर असतं, आणि हे कडं एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, दुसरा अगदी वेगळ्या जातीचा असला तरी. शेजारणीने कागदावर रेसिपी लिहून द्यावी तसं, शेजारीण कायमची राहायला येत नाही पण पदार्थ आपल्या घरात व्हायला लागतो. त्यामुळे कुत्र्याचा जंतू माणसाच्या आतड्यात दोन दिवस पाहुणा म्हणून राहून निघून गेला तरी जाताना कागद ठेवून जाऊ शकतो. आणि आपला त्याच्याकडे.

कोलिस्टिन हे औषध माहीत असेल, जुनं, किडनीला त्रासदायक म्हणून बाजूला पडलेलं आणि मग बाकी काही चालेना म्हणून आयसीयूत परत बोलवलेलं. २०१५ च्या शेवटी चीनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्याचा रेझिस्टन्स आता अशाच प्लास्मिडवरून फिरतोय, एमसीआर-१ नावाचं जनुक, डुकरांमध्ये, कच्च्या मांसाच्या नमुन्यांत आणि पेशंटमध्ये सापडलं. पुढच्याच वर्षी चीनमधूनच एक छोटा रिपोर्ट आला, हे जनुक असलेला ई. कोलाय एका पेशंटमध्ये सापडला, तो काम करायचा पेट शॉपमध्ये, आणि त्या दुकानातल्या प्राण्यांमध्ये शोधलं तर तिथेही सापडला.

हे सगळं वाचून रात्री अकराला मला भुऱ्याकडे बघून कसंतरीच झालं होतं हे कबूल. तो पलंगाखाली पाय ताणून घोरत होता. म्हणून दुसरी बाजूही तितक्याच जोरात सांगते. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलात ॲडमिट झालेल्या २८९१ पेशंटना विचारून, तपासून एक अभ्यास केला, घरात कुत्रामांजर आहे का आणि तुमच्याकडे अनेक औषधांना रेझिस्टंट जंतू आहेत का. ज्यांच्या घरी प्राणी होते त्यांच्याकडून त्या प्राण्यांचेही नमुने मागवले. मालक आणि प्राणी दोघांकडे जुळणारा जंतू अशा जोड्या निघाल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि संपूर्ण जीनोम, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए, लावून बघितल्यावर अगदी हुबेहूब निघाली ती एकच, एक कुत्रा आणि त्याचा मालक. आधी हॉस्पिटलात राहिलेलं असणं, आधी अँटिबायोटिक घेतलेलं असणं ह्या गोष्टींपुढे घरातलं कुत्रं हा धोका म्हणून फारच किरकोळ. म्हणजे होतं का, तर होतं. रोज होतं का, तर नाही. कमजोर प्रतिकारशक्तीची माणसं, उघडी जखम, ताजं ऑपरेशन, तान्हं बाळ असेल तर काळजी घ्या, हात धुवा, जखम झाका, पलंग वेगळा ठेवा. मावशीला मी हे सगळं समजावलं, तिचं म्हणणं तरी पण.

मग एवढा विषय कशाला काढला? कारण जंतू इकडून तिकडे जातो ह्यापेक्षा तो जायच्या आधी रेझिस्टंट कसा झाला ही गोष्ट मला जास्त खटकते. २०१६ ते २०१८ ह्या काळात अमेरिकेत कॅम्पिलोबॅक्टर ह्या जुलाब करणाऱ्या जंतूची एक साथ आली, बऱ्याच राज्यांत पसरलेली, शंभरावर माणसं आजारी, त्यातली कितीतरी पेट शॉपमध्ये काम करणारी आणि बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी नुकतंच कुत्र्याचं पिल्लू आणलेलं. जंतू नेहमीच्या सगळ्या औषधांना रेझिस्टंट. तिथल्या सीडीसीने, म्हणजे साथरोगांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, पिल्लांचे कागद काढले. ज्या १४९ पिल्लांची माहिती मिळाली त्यातल्या १४२ पिल्लांना अँटिबायोटिकचा एक तरी कोर्स दिलेला होता. पंच्याण्णव टक्के. आणि त्या १४२ पैकी निम्म्याहून जास्त पिल्लांना ती फक्त आजारी पडू नयेत म्हणून दिलेली, आजार काहीच नाही. ब्रीडरकडून निघताना डोस, गाडीत डोस, दुकानात डोस. गोजिरवाणं पिल्लू काचेमागे शेपटी हलवत असतं ना, त्याच्या पोटात काय निवडून निवडून वाढवलेलं असतं ते काचेतून दिसत नाही. ह्यात पिल्लाचा काय दोष आणि ते घरी आणणाऱ्या पोराचा तरी काय. मला ह्या एका आकड्याचा जेवढा राग आला तेवढा आईच्या रिपोर्टचाही आला नव्हता.

आणि हे फक्त दुकानदार करतात असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही, कारण घरोघरी आपण तेच मागत असतो. कुत्र्याला जुलाब लागले की दुसऱ्या दिवशी मेट्रोनिडाझोल पाहिजे. खरं तर कुत्र्यांचे साधे, रक्त पडलं तरी कुत्रा हिंडताफिरता असलेले जुलाब आपोआप थांबतात, आणि २०२४ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने तर स्पष्ट लिहिलंय की सौम्य आणि मध्यम जुलाबांना अँटिबायोटिक देऊ नका. मांजर वारंवार लघवीला बसतंय, कळा देतंय, म्हणजे इन्फेक्शन, असं आपण धरून चालतो, तरुण मांजरांमध्ये बहुतेक वेळा तिथे जंतूच नसतो, स्ट्रेसने मूत्राशय सुजलेलं असतं. मांजर शिंकतंय, डोळे चिकटलेत, ते बहुतेक व्हायरसचं. पण व्हेट "थांबून बघू" म्हणाली की आपल्याला वाटतं हिला आपल्या जनावराची पडलेली नाही. पैसे घेतले आणि नुसतं बघून सोडून दिलं! दुसरा व्हेट गाठतो, तो इंजेक्शन देतो, मांजर बरं होतं, जे तसंही होणारच होतं, आणि मग हा व्हेट चांगला.

मांजरवाल्यांच्या एका इंजेक्शनबद्दल तर बोललंच पाहिजे. सेफोव्हेसिन नावाचं अँटिबायोटिक. एकदा टोचलं की दोन आठवडे काम करतं. ज्याने मांजराला गोळी दिलीय त्याला ह्याचं मोल कळेल, जबडा उघडायचा, गोळी मागे टाकायची, तोंड धरायचं, गळा चोळायचा, ते गिळल्यासारखं करतं, आपण सोडतो आणि मग ते सोफ्याखाली जाऊन गोळी थुंकतं आणि आपल्याकडे असं बघतं की आपल्यालाच लाज वाटावी. त्यापेक्षा एक टोचणी आणि विषय संपला. पण ते थर्ड जनरेशन सेफालोस्पोरिन आहे, म्हणजे माणसांच्या गंभीर इन्फेक्शनला वापरतात त्या कुळातलं, आणि एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही. मांजराच्या साध्या ओरखड्याला तेवढा तोफगोळा लागत नाही. आपली सोय म्हणून देतो आपण ते, हे निदान आपसात तरी कबूल करावं. कुत्र्यांमध्ये असंच एन्रोफ्लॉक्सासिनचं, नाव जनावरांच्या औषधाचं पण कुत्र्याच्या शरीरात गेल्यावर त्यातल्या काही भागाचं चक्क सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, तेच आपलं माणसांचं सिप्रो. म्हणजे जनावरांची औषधं वेगळी आणि आपली वेगळी हा समज बाटलीवरच्या चिठ्ठीपुरताच खरा.

भुऱ्यालाच घ्या. त्याचं मूळ दुखणं इन्फेक्शन नाहीच, ॲलर्जी आहे. ॲलर्जीने खाज, खाजेने चाटणं, चाटून कातडी ओली आणि फाटलेली, त्यावर त्याच्याच अंगावरचे जंतू माजणार. अँटिबायोटिक दिलं की जंतू मरतात, पुरळ जातं, खाज तशीच राहते, मग परत सगळं पहिल्यापासून. दर वेळी जे मरत नाहीत ते उरतात, आणि ते फक्त कातडीवर नाही, तोंडावाटे दिलेली गोळी आतड्यातूनही जाते, तिथेही तीच छाननी होते, आणि अशा कोर्सनंतर कुत्र्याच्या शीमध्ये रेझिस्टंट ई. कोलायचं प्रमाण काही काळ वाढलेलं राहतं. ती शी उचलणार कोण, आम्हीच. म्हणून मला आता वाटतं की कुत्र्याचं प्रिस्क्रिप्शन हे एकट्या कुत्र्याचं नसतंच, त्या घरात जेवढे श्वास घेतात तेवढ्यांच्या नावाने ते लिहिलेलं असतं, फक्त कागदावर एकाच पेशंटचं नाव असतं.

रिपोर्टसोबत व्हेटने लॅबकडून प्लेटचा फोटो मागवून मला दाखवला होता. गोल काचेची बशी, त्यात जंतूंची दुधाळ साय पसरलेली, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या पांढऱ्या टिकल्या, प्रत्येकीवर औषधाचं आखूड नाव. जे औषध चालतं त्या टिकलीभोवती साय नसलेलं स्वच्छ गोल वर्तुळ असतं, जे चालत नाही तिथे साय थेट टिकलीला चिकटून वाढलेली. ज्या गोळ्या भुऱ्याने इतकी वर्षं खाल्ल्या त्या टिकलीला साय अशी बिलगली होती की टिकली तिथे आहे ह्याची जंतूंना दखलच नाही. रिपोर्टवरचा आर वाचून मला काही वाटलं नव्हतं. ही बशी बघून वाटलं.

मग आमचा नवा उपचार सुरू झाला, तो म्हणजे शाम्पू. क्लोरहेक्सिडिन ह्या जंतुनाशकाचा. वरवरच्या पुटकुळ्यांना आता आधी हेच करा असं त्वचारोगाचे व्हेट सांगतात, पोटातून गोळ्या नंतर, लागल्याच तर. ऐकायला किती सोपं. ह्यातली ग्यानबाची मेख अशी की फेस लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा असतो. दहा मिनिटं! ओल्या कुत्र्याला बाथरूममध्ये दहा मिनिटं थांबवून दाखवा. पहिली दोन मिनिटं तो बिचारा अपराध्यासारखा उभा राहतो, मग एक अंग झटकतो आणि भिंत, आरसा, मी, सगळ्यांना क्लोरहेक्सिडिन. मी त्याच्या पोटाखाली हात धरून घड्याळ बघत असते, फेस कोपरापर्यंत, आणि बाहेरून आई विचारत असते झालं का गं. आठवड्यातून दोनतीनदा. पाठ दुखते. गोळी चीजमध्ये गुंडाळून द्यायला दहा सेकंद लागायचे. लोक गोळीच का मागतात ते मला कळतं, आळशी असतात म्हणून नाही, दमलेले असतात म्हणून. सोबत खाजेचं वेगळं औषध सुरू केलं, आणि खरा फरक त्याने पडला, चाटणं कमी झालं तसं पुरळही कमी झालं.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. हेजहॉग नावाचा प्राणी असतो, आपल्या साळिंदराची आठवण करून देणारा काटेरी, पण त्याहून बराच लहान. २०२२ मध्ये नेचर ह्या विज्ञानाच्या जर्नलमध्ये एक पेपर आला, त्यात शास्त्रज्ञांनी दाखवलं की एमआरएसएचा एक प्रकार युरोपातल्या हेजहॉगांच्या अंगावर १८०० च्या सुरुवातीपासून आहे, म्हणजे माणसाने पेनिसिलिन शोधायच्या शंभरेक वर्षं आधीपासून. कारण हेजहॉगच्या कातडीवर एक बुरशी राहते, ती स्वतःच पेनिसिलिनसारखं औषध बनवते, आणि तिच्या शेजारी राहायचं म्हणून तिथल्या जंतूंनी रेझिस्टन्स कमावला. मला हे वाचून विनाकारण आनंद झाला. रेझिस्टन्स आपण शोधला नाही, निसर्गात तो होताच. आपण केलं ते एवढंच की हेजहॉगच्या पाठीवर दोनशे वर्षं जे चाललं होतं ते प्रत्येक घरात सुरू केलं.

घरात म्हणजे अगदी फ्रीजमध्येसुद्धा. कुत्र्याला कच्चं मांस घालायची फॅशन आहे ना, नैसर्गिक आहार, लांडग्याचा वंशज वगैरे, २०१८ मध्ये नेदरलँडमध्ये अशा फ्रोझन कच्च्या खाद्याची ३५ पाकिटं तपासली, त्यातल्या २८ मध्ये ईएसबीएल नावाचं एन्झाइम बनवणारा ई. कोलाय निघाला, म्हणजे भल्याभल्या सेफालोस्पोरिनना फोडून टाकणारा. सातमध्ये साल्मोनेला, अन्नातून जुलाब करणारा जंतू. फ्रीझ केल्याने जंतू मरत नाहीत, ते झोपतात. आहाराच्या वादात मी पडत नाही, त्यात लोक मैत्री तोडतात, पण ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी मांस शिजवून घाला एवढं मी हट्टाने सांगते.

आणि उरलेल्या गोळ्या. प्रत्येक घरात एक डबा असतो, त्यात कुणाच्या तरी अर्ध्या कोर्सच्या ॲमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या असतात आणि कुत्रं लंगडलं की कुणीतरी म्हणतं दे की एक. उलटंही होतं, अमेरिकेत फिशटँकमधल्या माशांसाठी विकली जाणारी अँटिबायोटिक माणसांनी खाल्ल्याचे प्रकार इतके झाले की त्याची चर्चा मेडिकल जर्नलमध्ये होते. तिथे जनावरांसाठीची महत्त्वाची अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळणं बंद झालं ते २०२३ मध्ये, म्हणजे काल परवा.

एक गोष्ट मात्र अजून कुठेच जुळलेली दिसत नाही. आईच्या ऑपरेशनच्या आधी भला मोठा फॉर्म भरून घेतला, शुगर, बीपी, ॲलर्जी, दातांची कवळी, सगळं विचारलं, घरात जनावर आहे का आणि त्याला सध्या कुठलं अँटिबायोटिक चालू आहे का हे नाही. ड्रेसिंगला गेलो तेव्हा मीच आपणहून भुऱ्याचा रिपोर्ट पुढे केला, तर सर्जननी तो हातात घेतला, वरचं नाव वाचलं, वय वर्षं अकरा, जात लॅब्राडॉर मिक्स, आणि हसून परत दिला. वाईट माणूस नाही, जखम त्यांनीच उत्तम बरी केली. पण दोन डॉक्टर एकाच घराचे जंतू बघत होते आणि दोघांच्या मधला निरोप्या मी. त्यातल्या त्यात व्हेटने आईच्या रिपोर्टची कॉपी मागून घेतली आणि भुऱ्याच्या फाइलला लावली.

त्याच दिवशी तिने भुऱ्याच्या रिपोर्टवरच्या एसवर बोट ठेवलं. आर बरेच होते पण दोन-तीन एस शिल्लक होते, त्यात लिनेझोलिड एक आणि व्हॅन्कोमायसिन एक. मी म्हटलं, मग ही आहेत की, ह्यातलं देऊन एकदाचा निकाल लावू. ती म्हणाली, ही लॅबने तपासली म्हणून दिसतायत, ही मी लिहीत नाही. ही माणसांसाठी ठेवायची. युरोपियन युनियनने तर २०२२ मध्ये यादीच काढली आहे, फक्त माणसांसाठी राखीव अँटिबायोटिकची, आणि ही दोन्ही कुळं तिच्यात आहेत, जनावराला द्यायचीच नाहीत. डोक्याला ते लगेच पटतं. एमआरएसएवर शेवटी उरतात ती हीच औषधं, उद्या आईला लागली असती तर ह्यातलंच एखादं लागलं असतं. पण समोर टेबलावर भुऱ्या उभा असतो, त्याची नखं स्टीलवर घसरत असतात, कागदावर एस लिहिलेला असतो, आणि ते औषध त्याच्यासाठी नाही.

पोटावरच्या पुटकुळ्यांसाठी हा पेच खरा नव्हताच, शाम्पूने भागलं. पण जंतू खोल गेला असता, सांध्यात किंवा रक्तात, तर? मी विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तेव्हा परत कल्चर करू, तोवर आपण औषधं थांबवलेली असतील तर एखादा जुना आर परत एस झालेला सापडतो कधीकधी. नाही सापडला तर बसून बोलू."